विद्यापीठीय विद्यार्थी आणि लैंगिक आरोग्य : उपलब्ध साहाय्याचे स्वरूप

विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा विचार बहुधा दृष्टिदोष, खानावळीतील अन्न आणि परीक्षेच्या काळातील मानसिक ताण यांपाशी येऊन थांबतो. लैंगिक आरोग्याचा उल्लेख झालाच तर तो १ डिसेंबरच्या एड्स दिनी होणाऱ्या एखाद्या व्याख्यानापुरता किंवा भित्तिपत्रकांच्या स्पर्धेपुरता असतो. वस्तुतः विद्यापीठात व्यतीत होणारी सहा-सात वर्षे याच विषयाच्या दृष्टीने आयुष्यातील सर्वांत नाजूक वर्षे होत. घर दूर असते, सल्ला विचारावा असे वडीलधारे माणूस जवळ नसते, आणि हाती पैसाही बेताचाच असतो. प्रस्तुत लेखात नैतिक उपदेशाचा प्रश्न बाजूला ठेवून एवढेच पाहावयाचे आहे की, वसतिगृहात राहणाऱ्या, अविवाहित, वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला अथवा विद्यार्थिनीला या बाबतीत अडचण उत्पन्न झाल्यास महाराष्ट्रात कोणते साहाय्य मिळू शकते, ते कोणत्या कायद्याच्या आधारे मिळते, आणि ते मिळण्याच्या मार्गात काय आडवे येते.

महाराष्ट्रात या साहाय्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न एका गणिताच्या प्राध्यापकाने केला. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. डॉ. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्र सुरू झाले तेही त्याच वर्षी. या प्रचारामुळे कर्वे यांना १९२५ साली विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली आणि १९२७च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. ते त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू होते. या मासिकाच्या वैचारिक बाजूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातील वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अधिक महत्त्वाची आहेत. कोणाही वैद्यासमोर उच्चारण्याचे धैर्य न होणारा प्रश्न पत्राने विचारावा आणि त्याचे उत्तर नाव उघड न होता छापील मिळावे, ही सोय त्या काळी दुसरीकडे नव्हती. १९३४ साली कर्वे यांच्यावर जो दुसरा खटला झाला तो याच उत्तरांवरून. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लैंगिक विषयावरील प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव गुप्त राहणे ही अशा साहाय्याची पहिली अट आहे, हे कर्वे यांनी ओळखले होते. पुढे स्थापन झालेल्या संस्थांना आणि शासकीय योजनांना ते तितकेसे उमगले असे दिसत नाही.

१९४९ साली मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली आणि १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम घेणारा भारत हा जगातील पहिला देश. या कार्यक्रमाची सर्व रचना मात्र ‘कुटुंब’ या शब्दाभोवती झाली. आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत ‘पात्र जोडपे’ हा रकाना आला. त्याचा अर्थ विवाहित पतिपत्नी, ज्यांतील पत्नी पंधरा ते एकोणपन्नास वर्षांची आहे. अविवाहित व्यक्तीला या नोंदवहीत जागाच नव्हती. गणनेतही हीच गोष्ट दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या दोन फेऱ्यांत केवळ विवाहित वा पूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांनाच प्रश्न विचारले गेले; अविवाहित स्त्रियांचा समावेश झाला तो २००५-०६च्या तिसऱ्या फेरीत. ज्याची मोजदाद होत नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही, हा प्रशासनाचा स्वभावच आहे.

दुसऱ्या बाजूने २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याखाली शासकीय रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी स्वतंत्र समुपदेशन केंद्रे उघडण्यात आली. महाराष्ट्रात ती ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. या कार्यक्रमाची वयोमर्यादा दहा ते एकोणीस वर्षे अशी आहे. म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत विद्यार्थी किशोर असतो आणि विवाहानंतर तो पात्र जोडप्यात मोडतो. मधल्या काळात तो कोणीच नसतो. पदव्युत्तर विद्यार्थी जवळजवळ सर्व या मधल्या काळातले. शासकीय दवाखान्याचे दार त्यांना बंद आहे असे नव्हे, परंतु त्या दारावर त्यांचे नाव लिहिलेले नाही. ‘लग्न झाले आहे का?’ हा केसपेपर करताना विचारला जाणारा पहिलाच प्रश्न अनेकींना परत पाठविण्यास पुरेसा होतो.

शालेय शिक्षणाने ही उणीव भरून काढली असती. तेही झाले नाही. किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला अनेक राज्यांतून विरोध झाला आणि २००७ साली महाराष्ट्रातही विधिमंडळातील गदारोळानंतर तो थांबविण्यात आला. विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्याला पुनरुत्पादनाची आकृती काढता येते, परंतु गर्भनिरोधक गोळी केव्हा घ्यावयाची हे बहुधा ठाऊक नसते.

आता प्रत्यक्ष साहाय्याकडे वळू. लैंगिक संबंधातून होणाऱ्या रोगांसाठी जिल्हा रुग्णालये व शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांतून ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाचे विभाग आहेत. तेथे तपासणी, औषध व समुपदेशन ही तिन्ही विनामूल्य मिळतात. उपचाराची पद्धत लक्षणसमूहावर आधारलेली आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता, मूत्रमार्गातून स्राव, योनिस्राव, जननेंद्रियावरील व्रण, ओटीपोटातील वेदना, जांघेतील गाठ असे लक्षणांचे गट करून प्रत्येक गटासाठी औषधांचा एक तयार संच दिला जातो. हे संच रंगांवरून ओळखले जातात: करडा, हिरवा, पांढरा, निळा, तांबडा, पिवळा आणि काळा. रोग्याने पुन्हा खेप घालण्याची शक्यता कमी असते, तेव्हा पहिल्याच भेटीत पूर्ण औषध त्याच्या हाती द्यावे, हा या पद्धतीमागील व्यवहारी विचार आहे. जोडीदारालाही औषध दिले जाते, कारण एकट्याच्या उपचाराने रोग परत येतो.

या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे आणि ती विद्यार्थिनींच्या बाबतीत विशेष गंभीर ठरते. लक्षणच नसेल तर ही पद्धत काहीच करू शकत नाही. क्लॅमिडियाचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांत कोणतेही लक्षण दिसत नाही. तो तसाच वर सरकून गर्भनलिकांना इजा करतो आणि वंध्यत्वाच्या रूपाने कित्येक वर्षांनी उघड होतो. उपदंशाची तऱ्हा वेगळी. त्याचा पहिला व्रण दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधाविनाच भरून येतो. रोगी समजतो की बरे झाले. रक्तातील रोग मात्र पुढे चालू राहतो. यास्तव शंका असल्यास लक्षणांची वाट न पाहता रक्ततपासणी करून घेणे हाच मार्ग उरतो.

एचआयव्हीच्या तपासणीसाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा विनाशुल्क दूरध्वनी आहे. संसर्गानंतर काही आठवडे चाचणी नकारात्मक येऊ शकते, म्हणून संशयास्पद प्रसंगानंतरची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. हे समुपदेशकाने समजावून सांगावे अशी अपेक्षा असते. खाजगी प्रयोगशाळेतून परस्पर चाचणी करून घेणाऱ्याला मात्र ते कोणी सांगत नाही आणि पहिल्याच कागदावर तो निश्चिंत होतो. २०१७चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याअन्वये समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निष्कर्ष गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, आणि शिक्षणसंस्थेत प्रवेश देण्यासाठी अशा चाचणीची अट घालणे किंवा बाधित विद्यार्थ्याला वेगळी वागणूक देणे हे दोन्ही निषिद्ध आहे. शंभर वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा अशीही तरतूद त्यात आहे. विद्यापीठ आणि बहुतेक महाविद्यालये या व्याख्येत येतात, हे त्यांच्या प्रशासनाने लक्षात घेण्याजोगे आहे. आजाराविषयीची जुनी भीती आता तितकीशी साधार राहिलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके कमी राहिले, तर त्याच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही.

वेळेचा हिशेब हा या सर्व प्रकरणात कळीचा मुद्दा आहे. असुरक्षित संबंधानंतर घ्यावयाची लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी लागते आणि जितका उशीर तितका तिचा गुण कमी. २००५ पासून ती डॉक्टरी चिठ्ठीवाचून मिळू शकते. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी द्यावयाची औषधेही ७२ तासांच्या आत, शक्य तर पहिल्या काही तासांतच, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. शनिवारी रात्री घडलेल्या गोष्टीसाठी सोमवारी दुपारी आरोग्य केंद्र उघडण्याची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे निम्म्याहून अधिक तास तेवढ्यातच खर्च झालेले असतात.

गर्भपाताविषयी विद्यार्थिवर्गात जितके अज्ञान आहे तितके क्वचितच दुसऱ्या विषयात असेल. अविवाहित स्त्रीचा गर्भपात बेकायदेशीर आहे, किंवा त्यासाठी आईवडिलांची सही लागते, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात गर्भनिरोधक साधनाच्या अपयशाचे कारण केवळ विवाहित स्त्री व तिचा पती यांच्यापुरते मर्यादित होते, हे खरे. २०२१च्या दुरुस्तीने त्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. आजच्या स्थितीत वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत वैद्यकाचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान नियमांत सांगितलेल्या वर्गांतील स्त्रियांसाठी दोघांचे मत लागते. या दुसऱ्या टप्प्यात अविवाहित स्त्रियांनाही सामावून घेतले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या बाबतीत तिची एकटीची संमती पुरेशी आहे. पतीची, पालकांची अथवा वसतिगृहाच्या अधीक्षकांची संमती कायद्याने मागितलेली नाही. स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या वैद्यकाला २०२१च्या दुरुस्तीने शिक्षेची तरतूद केली आहे. इतका स्पष्ट कायदा असूनही पाळी चुकलेली विद्यार्थिनी ‘पिशवी साफ करून देणारे’ ठिकाण मैत्रिणींकरवी शोधते, किंवा औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून खोलीतच घेते. गर्भ गर्भाशयाबाहेर असेल तर अशा गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि गर्भनलिका फुटून जीवावर बेतते. गोळ्यांपूर्वी वैद्यकाने तपासणे आवश्यक का, याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. कनिष्ठ महाविद्यालये पुष्कळदा वरिष्ठ महाविद्यालयांच्याच आवारात असतात आणि पदवीच्या प्रथम वर्षातही सतरा वर्षांची मुले आढळतात. २०१२चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा आणि त्यापाठोपाठ २०१३ची फौजदारी कायद्यातील दुरुस्ती यांनी संमतीचे वय सोळावरून अठरावर नेले. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी झालेला लैंगिक संबंध, तो परस्परसंमतीचा असला तरी, अपराध ठरतो आणि त्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. न कळविणे हाही गुन्हा आहे. प्राध्यापक व समुपदेशक या ‘प्रत्येका’त येतात. परिणाम असा की, ज्या सतरा वर्षांच्या मुलीला सल्ल्याची सर्वाधिक गरज आहे तिला सल्ला देणाऱ्यानेच पोलिसात जावे अशी व्यवस्था झाली आहे. बालकांच्या संरक्षणासाठी केलेला कायदा त्यांना दवाखान्यापासून दूर ठेवतो, हा त्यातील पेच होय. सर्वोच्च न्यायालयाने उपर्युक्त निर्णयातच त्यावर काही अंशी तोड काढली: अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास, गर्भपात करणाऱ्या वैद्यकाने पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही. पालकाची संमती मात्र अशा वेळी लागतेच. विद्यार्थी बोलू लागण्यापूर्वीच ही मर्यादा त्याला सांगून ठेवणे, एवढे तरी समुपदेशकाच्या हाती आहे. गुप्ततेचे वचन आधी देऊन नंतर ते मोडणे हे न देण्यापेक्षा वाईट.

मुलग्यांच्या तक्रारींचे स्वरूप पुष्कळदा निराळे असते. ‘धातू जाते’, ‘अशक्तपणा आला’, ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ अशा शब्दांत ती सांगितली जाते. वीर्यनाशाने शक्तिपात होतो या परंपरागत समजुतीतून उत्पन्न होणाऱ्या या भयाला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. त्याखाली बहुधा शारीरिक रोग नसतो. चिंता वा विषण्णता असते. स्वप्नात वीर्यपात होणे किंवा हस्तमैथुन यांनी शरीराची कोणतीही हानी होत नाही, हे एकदा शांतपणे सांगितल्याने कित्येकांचे निम्मे दुखणे जाते. परंतु हे सांगणाऱ्याच्या आधी रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंती बोलत असतात. १९५४च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक शक्तिवर्धनाच्या आणि गुप्तरोगांवरील औषधांच्या जाहिराती निषिद्ध केल्या आहेत. पुढे सर्वोच्च न्यायालयात या कायद्याला आव्हान दिले गेले, तेव्हाही त्याचा मुख्य भाग टिकला. भिंतीवरील अक्षरे मात्र अजून पुसली गेलेली नाहीत, आणि आता तीच मजकुराची पाटी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही आली आहे.

या निमित्ताने भाषेचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. मुली ‘अंगावरून जाते’ म्हणतात. त्याचा अर्थ नेहमीचा निरुपद्रवी स्राव असू शकतो, संसर्ग असू शकतो, किंवा मासिक रक्तस्रावही असू शकतो. ‘गुप्तरोग’ या शब्दात रोगापेक्षा लपविण्यावरच भर आहे. पाठ्यपुस्तकी संज्ञा विद्यार्थी वापरीत नाहीत, आणि घरच्या बोलीतील शब्द अनोळखी डॉक्टरपुढे उच्चारवत नाहीत. त्यामुळे इंग्रजी माध्यमातून न आलेल्या विद्यार्थ्याची तक्रार ‘पोट दुखते’ या सर्वसंग्राहक वाक्यात बुडून जाते. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मधून या विषयासाठी सरळ, अनलंकृत मराठी घडविण्याचा यत्न केला; विद्यापीठांच्या माहितीपत्रकांनी तो पुढे नेला असे म्हणवत नाही.

समलिंगी वा पारलिंगी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ६ सप्टेंबर २०१८चा नवतेजसिंग जोहर खटल्यातील निकाल निर्णायक ठरला. सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध त्या दिवसापासून अपराध राहिले नाहीत. लैंगिक कल ‘बदलून देण्याचे’ उपचार करणे हे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. घरच्यांनी अशा उपचारासाठी नेलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ठाऊक असणे उपयोगाचे आहे. मुंबईत १९९४ पासून कार्य करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्था या विद्यार्थ्यांना तपासणी व समुपदेशन देतात. लहान शहरांतून मात्र तशी सोय विरळा.

लैंगिक अत्याचार वा छळ झाला असता दोन स्वतंत्र मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. वैद्यकीय उपचार हा पहिला. बलात्कारपीडितेला तत्काळ विनामूल्य उपचार देण्याचे बंधन २०१३पासून सर्व शासकीय व खाजगी रुग्णालयांवर आहे. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आले. रुग्णालयाने पोलिसांना कळवावयाचे असते. परंतु तिने तक्रार देण्यास नकार दिला तरी उपचार नाकारता येत नाही. दुसरा मार्ग संस्थेतील अंतर्गत तक्रार समितीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांनुसार विद्यार्थ्याचा संबंध असलेल्या प्रकरणात या समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावे लागतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावयाची आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवावयाची असते. विद्यार्थी व पारलिंगी विद्यार्थी यांनाही असा छळ होऊ शकतो, याची दखल या विनियमांनी घेतली आहे.

प्रतिबंधाच्या बाजूने एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूवरील भारतीय लस पुण्याच्या सिरम संस्थेने तयार केली आणि २०२२ साली तिला मान्यता मिळाली. नऊ ते चौदा हे वय तिच्यासाठी उत्तम. तथापि सव्विसाव्या वर्षापर्यंत ती घेता येते, म्हणजे विद्यार्थिनींची वेळ टळून गेलेली नाही.

महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेच्या आश्रयाने रेड रिबन क्लब चालतात. त्यांनी केलेली जागृती नाकारण्याचे कारण नाही. तथापि जागृती करणे आणि साहाय्य करणे या भिन्न गोष्टी आहेत. पथनाट्य पाहून शंका उत्पन्न झालेल्या विद्यार्थ्याने त्यानंतर कोठे जावे, याची व्यवस्था क्लबपाशी क्वचितच असते. आरोग्य केंद्राची वेळ व्याख्यानांच्या वेळेशी जुळते, प्रतीक्षेच्या बाकावर वर्गमित्र बसलेले असतात, आणि तक्रारीचे स्वरूप खिडकीपाशीच विचारले जाते. नोंदवही उघडी असते. वैद्यकीय रजेच्या अर्जावर रोगाचे नाव लिहावे लागते आणि तो अर्ज विभागाच्या कार्यालयातून पुढे जातो. या गोष्टींपैकी एकीलाही मोठा खर्च लागत नाही. नाव न विचारता क्रमांक द्यावा, आठवड्यातून दोन दिवस सायंकाळी केंद्र उघडे ठेवावे, स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते फलकावर लिहावे, आणि रजेच्या प्रमाणपत्रावर ‘वैद्यकीय कारण’ एवढेच शब्द पुरेसे मानावेत. १०९७ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे क्रमांक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर लावण्यापेक्षा स्नानगृहाच्या दाराच्या आतील बाजूस लावणे अधिक उपयोगाचे. तेथे ते उतरून घेताना कोणी पाहत नाही.